सेयिलकानच्या जलशाची पहिली रांग

तलासमध्ये राजम्याची मळणी आटोपली, गोण्या ट्रकांवर चढल्या, की सेयिलकानचे फोन सुरू व्हायचे. लोकांच्या हातात चार पैसे आलेले असत, दुपारचा चहा निवांत पीत बसायला सवड असे. नेमकी ती वेळ साधून ती एकेकाला गाठायची. "यंदा काय देताय?" हा तिचा पहिला प्रश्न, ख्यालीखुशाली मागाहून. कोणी पैसे कबूल करी, कोणी मेंढा, कोणी नुसताच राजमा. ती कशालाही नाही म्हणत नसे. राजमा विकता येतो, मेंढा शिजवता येतो आणि पंधरा फेब्रुवारीच्या जलशाला सगळंच लागतं.

अफगाणिस्तानातून फौज माघारी आली तो हा दिवस. त्या लढाईतून परतलेली तलासची पोरं आता साठीकडे झुकली होती. कोणाला पाय नव्हता, कोणाच्या कानात अजून शिट्ट्या वाजत, कोणी हातीपायी धड असूनही उंबरा ओलांडायला तयार नसे. त्यांच्यासाठी सेयिलकान दरवर्षी देशोदेशीचे गाणारे-वाजवणारे गोळा करून जलसा भरवायची आणि जे जमेल ते त्यांच्या औषधपाण्याला, नकली पायांना लावायची. सांस्कृतिक भवनाची ती प्रमुख. आवाज खणखणीत, चाल लष्करी, आणि जिभेला हाड नाही. गावात सगळे तिला सेयिल-एजे म्हणत, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं, आणि सांगत, "एजेच्या जलशात गाणं फुकट, पण आधी बोलणी खावी लागतात."

या बोलण्यांची सुरुवात फार जुनी. एकविसाव्या वर्षी ती संगीत शाळेतून नुकती बाहेर पडली होती. कोमुझच्या तीन तारांवर बोटं फिरवत गाणाऱ्या मुलींचं एक पथक सैनिकांच्या मनोरंजनासाठी कुंदुझला निघालं, त्यात तिचं नाव लागलं. तिथे ट्रकचा फाळका पाडून मंच केलेला. समोर धुळीत बसलेली तिच्याच वयाची पोरं. दोन गाणी झाली. टाळ्या पडल्या, पण हुकूम सुटल्यावर पडाव्यात तशा. तिसऱ्या गाण्याला तिने सूर लावला तेवढ्यात उन्हाने कान सोललेला एक पोरगा उभा राहिला.

"गाणी आम्ही रेडिओवर ऐकतो," तो म्हणाला. "तू नुसती बोल ना. घरच्यासारखी रागाव."

"रागवू? कशावरून?"

"कशावरूनही."

ती क्षणभर गोंधळली. मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "कान बघ तुझे. टोपी काय उशाला घ्यायला दिलीय? इकडे ये, आणि तो गळपट्टा धुतलास कधी?"

पोरं खदखदून हसली. मग एकेक जण पुढे येऊ लागला. कोणाची नखं, कोणाची न शिवलेली बाही, कोणी आईला पत्र लिहिलं नव्हतं. तिने एकालाही सोडलं नाही. एक जण मात्र रांगेत आलाच नाही. गुडघ्यांत तोंड घालून तो बसून राहिला, आणि त्याचे खांदे हलत होते. तिसरं गाणं त्या दिवशी झालंच नाही. परतल्यावर ठरलेला कार्यक्रम मोडला म्हणून तिला वरून ताकीद मिळाली. तिने ती ऐकून घेतली, पण त्यानंतर एकटीने गाण्यात तिचं मन रमेना. मंचावरचं माणूस काय गातंय यापेक्षा खाली बसलेल्याला काय हवंय, इकडेच तिचं लक्ष जायचं. असं लक्ष गेलं की गाणाऱ्याचा सूर हलतो. म्हणून तिने गाणं सोडलं आणि भवनात नोकरी धरली.

पुढे रुग्णवाहिका चालवणाऱ्या एसेनालीशी लग्न झालं, दोन मुलं झाली, आणि बघता बघता देशच मोडला. भवनाची शेगडी विझली. जिथे नाटकं व्हायची त्या दालनात जुने कोट आणि बूट विकणारे बसले. पगार कधी पिठाच्या रूपाने मिळे, कधी मिळतच नसे. सेयिलकान तरी रोज जाऊन कुलूप उघडायची. घरी तिची सासू म्हणायची, "बाई, ओसाड घराला कोणी राखण करतं का?" ती म्हणायची, "आपा, पियानो आहे ना आत."

त्या पडत्या काळात एका सकाळी ओरोझबाय भवनात आला. विशीत अफगाणिस्तानात सुरुंगावर त्याचा डावा पाय गेला होता, गुडघ्याखालून. सरकारने दिलेला नकली पाय तडकला होता आणि त्याने तो सायकलच्या ट्यूबने बांधला होता. भवनात खुर्च्या दुरुस्त करणारा एक सुतार होता, त्याला तो म्हणत होता, "खुर्चीचा पाय बसवतोस ना? मग माझाही बसव."

सेयिलकान तिथेच उभी होती. "बाइके, हा काय पाय आहे की सायकल?" तिने विचारलं. तो तिच्याहून थोडा मोठा, म्हणून बाइके. पण आवाजात आदर बेताचाच.

"सायकल असती तर बरं होतं," ओरोझबाय म्हणाला. "उताराला तरी पळाली असती."

पहिला जलसा त्या पायासाठी झाला. सीमेपलीकडे ताराझ शहरात ओरोझबायच्या तुकडीतला एक दोस्त राहायचा, लग्नांत गायचा. तिने त्यालाच निरोप धाडला. तो दोन भाऊबंद आणि एक दोन तारांचा डोंब्रा घेऊन आला, कोट विकणाऱ्यांनी एका संध्याकाळपुरती जागा मोकळी करून दिली, आणि लोक घरून घोंगड्या घेऊन ऐकायला बसले. भिंतीवर काय लिहावं असा प्रश्न पडला तेव्हा ओरोझबायनेच सुचवलं, "लिही, आंतरराष्ट्रीय जलसा. पूर्वी ताराझचा माणूस आला तर शेजारी आला म्हणायचो, आता तोच परदेशी पाहुणा. आपण बसल्याजागी आंतरराष्ट्रीय झालो."

थट्टेतलं हे नाव पुढे खरं झालं. खुजंदहून ताजिक गवई यायला लागले, मिन्स्कहून एक अकॉर्डियनवाला. जिथे जिथे ती पोरं पांगली होती तिथून तिथून कोणीतरी यायचं. ओरोझबायने राजम्याच्या व्यापारात जम बसवला, ट्रक घेतला, आणि माजी सैनिकांच्या संघाचा तो अध्यक्ष झाला. त्याच्या पैशांशिवाय जलसा होत नसे आणि सेयिलकानच्या बोलण्यांशिवाय पैसे सुटत नसत. दोघांचं रोज भांडण व्हायचं आणि एकावाचून दुसऱ्याचं पान हलायचं नाही.

फौज परतल्याला तीस वर्षं होणार होती त्या हिवाळ्याआधी मंचाचा पडदा अगदीच विरला, म्हणून सेयिलकान राजधानी बिश्केकच्या मोठ्या बाजारात कापड बघायला गेली. मालाच्या मोठ्या लोखंडी पेट्यांतच थाटलेली दुकानं, त्यांतली कापडाची गल्ली. एका दुकानात तागे रचलेले, आणि त्यांच्यामागून रबाबाचा आवाज येत होता. "पडद्याचं कापड दाखवा," ती मोठ्याने म्हणाली. वाजवणारा उठला नाही. हाती घेतलेली ओळ त्याने संपवली, शेवटचा सूर विझू दिला, मग रबाब भिंतीशी टेकवून बाहेर आला. पांढरी आखूड दाढी, खांद्यावर मोजपट्टी. गिऱ्हाइकाला थांबवून ठेवणारा दुकानदार तिला एकदम आवडला.

त्याचं नाव साहिबदाद. कापड मापताना ती त्याला जलशाबद्दल सांगू लागली. कोण कोण येतं, कसं येतं.

"कोणाचा सन्मान म्हणालात?" त्याने विचारलं.

"जे तिकडे लढून आले त्यांचा."

"तिकडे," साहिबदादने कात्री थांबवली. "तिकडे म्हणजे माझ्या घरी, खाहर." त्याच्या भाषेत बहिणीला खाहर म्हणतात.

सेयिलकानने हातातलं कापड खाली ठेवलं. पण तो रागावला नव्हता. त्याने दुकानाच्या आत एक स्टूल सरकवलं, थर्मासमधला हिरवा चहा ओतला आणि थोडक्यात सांगितलं. तोही सैनिकच होता, त्याच्या देशाच्या तेव्हाच्या सरकारी फौजेत. कुंदुझच्या रस्त्यावर सुरुंग काढण्याच्या कामावर, हिच्याच पोरांच्या बरोबरीने. मग ते सरकार गेलं. जे आले ते त्याला गद्दार म्हणाले. पळून तो इथे आला, तर ज्यांच्या खांद्याला खांदा लावून लढला त्यांचा देशही जागेवर नव्हता.

"आमच्याकडे येऊन वाजवाल?" तिने विचारलं.

"वाजवीन. पण वाजवून झाल्यावर मला कुठे बसवाल?"

"कुठे म्हणजे? वाजवणारे मागच्या खोलीत बसतात. चहापाणी, जेवण, सगळं असतं."

"आणि ते?"

"ते पहिल्या रांगेत."

साहिबदादने तागा गुंडाळत मान हलवली. "टाळ्या वाजवणाऱ्याला मिळतात. त्या मला लग्नातही मिळतात. मला एकदा त्या रांगेत बसायचंय. बाकी काही नको."

सेयिलकानने वचन दिलं नाही. "विचारून सांगते," म्हणाली. तलासपर्यंतच्या प्रवासात तिने पडद्याचं गाठोडं मांडीवरून खाली ठेवलं नाही.

भवनात शेगडी असलेली एकच खोली होती; संघाची बैठक तिथे भरली. तिने सगळं सरळ सांगून टाकलं. रबाबवादक चांगला आहे यावर कोणाचं दुमत नव्हतं. खुर्चीचा विषय निघताच ओरोझबायने चहाची वाटी खाली ठेवली.

"नाही," तो म्हणाला.

"बाइके, आधी माणूस तरी बघा."

"माणूस बघायचा नाहीये मला. आमच्या तळावर त्यांची तुकडी होती. दिवसा आमच्याबरोबर जेवायची. एका रात्री त्यातले काही पळाले आणि सकाळी पाण्याच्या वाटेवर सुरुंग होता. ती वाट कोणाला ठाऊक होती? त्यांनाच."

"हा तिथे होता असं कोण म्हणतंय?"

"नव्हता असं तरी कोण म्हणतंय?"

तिने बाकीच्यांकडे पाहिलं. कोणी शेगडीकडे बघत होतं, कोणी नखं कुरतडत होतं. एक जण पुटपुटला, की प्रांताचे उपप्रमुख येणार, शाली आणि मानपत्रं सरकारी यादीप्रमाणे येणार, त्यात परक्याचं नाव कसं घालायचं. सेयिलकान म्हणाली, "यादीचं मी बघते." ओरोझबाय म्हणाला, "यादीचं तू बघ, रांगेचं मी बघतो. तो माझ्या शेजारी बसला तर मी घरी बसेन."

तिला राग आला, पण तिने तो बाहेर काढला नाही. सायकलच्या ट्यूबने बांधलेला तो पाय तिने पाहिला होता. ज्याचा पाय गेला त्याला रांगेत कोण असावं हे सांगायला आपल्याला तोंड नाही, हे तिला कळत होतं. आणि साहिबदादचं म्हणणं चूक नाही, हेही कळत होतं. घरी ती एसेनालीला म्हणाली, "दोघं बरोबर असले की मधल्या माणसाने काय करायचं?" एसेनाली मांस चिरत होता. "मधल्या माणसाने खरं सांगून टाकायचं," तो म्हणाला.

तिने बिश्केकला फोन लावला. "साहिबदाद-आका, रांगेत जागा होत नाही. तुम्हाला वाजवायला या म्हणायलाही मला संकोच वाटतो. नाही आलात तरी मी समजेन."

पलीकडे कात्री कापडातून सरकल्याचा आवाज आला. "येईन," तो म्हणाला. "कापड दाखवलं की गिऱ्हाईक आधी नाहीच म्हणतं. म्हणून कोणी दुकान बंद करतं का?"

जलशाच्या दोन दिवस आधी डोंगरात बर्फ कोसळलं. ताराझची मंडळी खालच्या रस्त्याने वेळेवर पोचली, पण बिश्केकहून निघालेली छोटी बस ओत्मोक खिंडीच्या अलीकडे, सुसामीरच्या पठारावर अडकली. ताजिक जोडपं, अकॉर्डियनवाला आणि साहिबदाद, सगळे एका वाटेवरच्या खानावळीत बसून होते. सकाळी रस्ता अर्धवट मोकळा झाला. साखळ्या लावलेल्या अवजड गाड्यांनाच सोडत होते. तलासमध्ये तशी गाडी ओरोझबायचीच.

"जातो," तो म्हणाला. "पण परत येताना सगळे माल म्हणून येतील. माझ्या ट्रकात माणसाची सोय नाही."

"मी येते बरोबर," सेयिलकान म्हणाली. "मालाला चहा कोण देणार?"

खानावळीत पोचल्यावर तिने तरुण मंडळींना मागे ताडपत्रीखाली, गोण्यांवर गोधड्या अंथरून बसवलं. साहिबदाद खोकत होता. त्याला थंडी बाधली होती. ट्रकच्या पुढच्या भागात तिघांचीच जागा. तिने त्याला आत चढवलं आणि ती दोघांच्या मध्ये बसली. ओरोझबायने गाडी सुरू केली, आरशात पाहिलं, पण माणसाकडे पाहिलं नाही.

खिंडीची अर्धी चढण संपली. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती, मध्ये गाडीपुरती वाट. मग ओरोझबायने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "कुठे होतास?"

"कुंदुझच्या दक्षिणेला. सुरुंग काढायचो."

"काढायचास. पेरलेही असशील."

"नाही. पेरणारे वेगळे होते."

"तुमच्यातलेच पळून गेलेले."

"हो," साहिबदाद म्हणाला. "आमच्यातले पळाले. माझ्या तुकडीतले निम्मे एका रात्रीत गेले. माझा धाकटा भाऊ त्यात होता."

ओरोझबायने गियर बदलला.

"मग तू का नाही पळालास? सरकारवर एवढी भक्ती होती?"

साहिबदाद जरा वेळ खोकला. "खरं सांगू? मला झोप लागली. भाऊ म्हणाला होता, वेळ झाली की उठवतो. त्याने उठवलं नाही. सकाळी डोळे उघडले तर आजूबाजूच्या खाटा रिकाम्या. वर अधिकारी उभा. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली, म्हणाला, शाब्बास, तू खरा निष्ठावान."

ओरोझबायच्या घशातून आधी घरघर आली. सेयिलकानला वाटलं त्याला ठसका लागला. पण तो हसत होता. इतका, की त्याला ट्रक कडेला घेऊन थांबवावा लागला. स्टिअरिंगवर कपाळ टेकून तो हसत राहिला, आणि साहिबदादही हसला, खोकत खोकत.

"पदक दिलं का त्या झोपेचं?" ओरोझबायने डोळे पुसत विचारलं.

"दिलं. पळताना विहिरीत टाकलं."

हसू ओसरलं. काचेवर वायपर फिरत होता. ओरोझबायने विचारलं, "भावाचं काय झालं?"

"पुढच्या वसंतात मेला, त्या बाजूने लढताना. आईने मला कधी काही विचारलं नाही. पण जेवायला वाढताना ती माझ्या ताटाकडे बघायची, माझ्याकडे नाही." त्याने काचेवरची वाफ पुसली. "त्याने मला का उठवलं नाही, हे मला अजून कळलेलं नाही. विसरला असेल. किंवा म्हणाला असेल, एक तरी इकडे राहू दे."

ओरोझबायने पुन्हा गाडी सुरू केली. माथा ओलांडला, उतार लागला, खाली खोऱ्यात तलासकडचे माळ दिसू लागले. सुरुंगाच्या वाटेबद्दल त्याने काही विचारलं नाही. गाव जवळ आल्यावर फक्त म्हणाला, "सेयिल, याला कोकराच्या शेपटीची चरबी घालून गरम रस्सा दे. छाती भरलीय." खुर्चीबद्दल तो अवाक्षर बोलला नाही, आणि तिनेही विषय काढला नाही. काही विषय हात लावला की नासतात, हे तिला एव्हाना ठाऊक झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दालन खच्चून भरलं. पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर नावांच्या चिठ्ठ्या, त्यांवर कोट चढवून पदकं लावलेले सैनिक. सेयिलकान विंगेत उभी राहून याकोवला खुणा करत होती. याकोव ध्वनियंत्रणा सांभाळायचा. आसपासच्या गावांतून देश मोडल्यावर जर्मनीला गेलेल्या जुन्या जर्मन कुटुंबांपैकी मागे राहिलेला एकटाच. त्याच्या मंचामागच्या खोलीत लाउडस्पीकरची खोकी, तारा आणि एक विजेची किटली असे.

साहिबदाद वाजवायला आला. नवा पडदा सरकला तेव्हा तो हळूच तिला म्हणाला, "रंग चुकला, खाहर. दिव्यात काळा दिसतो. मीच विकला, पण मंच बघितला नव्हता." मग बसून त्याने रबाब लावला. त्याने लढाईचं काही वाजवलं नाही. त्याच्या भागात कणसं खुडताना बायका म्हणतात ती एक चाल वाजवली, लांबवत, परत परत तिथेच येत. टाळ्या चांगल्या पडल्या. वाकून नमस्कार करून तो ठरल्याप्रमाणे मागच्या खोलीत गेला.

सेयिलकान पुढच्या गवयांची जमवाजमव करण्यात गुंतली. ताजिक जोडप्याचं गाणं चाललं होतं तेव्हा तिची नजर सहज खाली गेली. पहिल्या रांगेतली ओरोझबायची मधली खुर्ची रिकामी होती. लघवीला गेला असेल, तिला वाटलं. थोड्या वेळाने पाहिलं तर शेजारच्या दोन रिकाम्या. मग आणखी एक जण उठला, वाकून, काठी टेकत बाजूच्या दाराने निघाला. गाणं संपलं, प्रांताचे उपप्रमुख भाषणाला उभे राहिले, आणि त्यांच्या समोर रांगेत दोन बहिरे म्हातारे तेवढे उरले होते.

ती मागे धावली. याकोवच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. ओरोझबाय एका लाउडस्पीकरवर नकली पाय पुढे पसरून बसला होता. बाकीचे खोक्यांवर, जमिनीवर, एक जण तारांच्या गुंडाळीवर. मध्ये साहिबदाद. किटली फुसफुसत होती आणि कोणीतरी घरून तळून आणलेल्या बोरसोकांची, पिठाच्या गोळ्यांची, पुरचुंडी सोडली होती.

"लाज वाटत नाही तुम्हाला?" सेयिलकानने दारातच सुरू केलं. "बाहेर पाहुणा भिंतीशी बोलतोय. वर्षभर मी तोंड वेंगाडून लोकांकडे मागत फिरते ते तुम्ही इथे खोक्यांवर बसून तळलेलं खाण्यासाठी? आणि त्या कोटावर तेल पाडलंत, बायको काय म्हणेल?"

"रांगेत जागा नव्हती," ओरोझबाय म्हणाला, "म्हणून रांग इकडे आणली. दार लावून घे, थंडी आत येतेय."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग साहिबदादकडे पाहिलं. त्याच्या हातात चहाची वाटी होती आणि तो मान खाली घालून ती फिरवत होता. एक सैनिक त्याला आपल्या कानाच्या जखमेची गोष्ट सांगत होता, आणि स्वतःलाच कमी ऐकू येत असल्याने तेच वाक्य पुन्हा पुन्हा, मोठ्याने सांगत होता. सेयिलकान दार लावून बाहेर आली, आणि उपप्रमुखांनी शाली उंचावल्या तेव्हा एकेका नावाला स्वतः पुढे होऊन ती घेत गेली. हातांवर शालींचा ढीग चढला. लोकांना वाटलं, हेच ठरलेलं असणार. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

उपप्रमुखांना मात्र तसं वाटलं नाही. ते जेवायला थांबले नाहीत, आणि पुढच्या महिन्यात सेयिलकानला कार्यालयात बोलावून अतिथीचा अवमान झाल्याबद्दल समज देण्यात आली. तिने तीही ऐकून घेतली. वसंत ऋतूत ताराझहून नकली पाय बनवणारा कारागीर आला आणि भवनातच त्याने आपलं सामान मांडलं; त्यात ओरोझबायचाही नवा पाय झाला. पहिले काही दिवस नवा पाय चावतो म्हणून तो शिव्या देत फिरला.

जलसा झाल्यावर साहिबदादला परतीची वाट मोकळी होईपर्यंत तलासमध्ये राहावं लागलं होतं. सेयिलकानने आपल्या घरी पलंग तयार ठेवला होता. पण ओरोझबायने त्याची पिशवी आधीच उचलून नेली होती. ती विचारपूस करायला गेली तेव्हा दोघं ओरोझबायच्या ओट्यावर राजमा निवडत बसले होते, बियाण्याचा वेगळा, विक्रीचा वेगळा.

"हा माणूस कापडवाला आहे," ओरोझबाय तक्रारीच्या सुरात म्हणाला. "दाण्याचा रंग बघतो, वजन बघत नाही."

"आणि हे वजन बघतात," साहिबदाद म्हणाला, "म्हणून खडेही आत जातात."

सेयिलकानने बूट काढले, गुडघे मोडून त्यांच्याजवळ बसली आणि एक सूप ओढून घेतलं. तिच्या मनात इतके दिवस एक प्रश्न होता: पाण्याच्या वाटेवरच्या त्या सुरुंगाबद्दल दोघं कधी बोलले का. तिने तो विचारला नाही. ओरोझबायची बायको आतून भाकरी आणि लोणी घेऊन आली. ऊन ओट्यावर आलं होतं, छपरावरचं बर्फ टपटप गळत होतं, आणि तिघं निवडत राहिले.